आधी बिल, मग खाऊ

पाली, हातखंबा, जयगड, पावस इथून एसटीने रत्नागिरीत बाजाराला येणाऱ्या आईबरोबरचे लहान मूल दुकानाच्या दारात पोहोचेपर्यंतच दमलेले असते. आधी बँकेतले काम, मग दवाखाना, मग रामआळीत एक फेरी आणि सगळ्यात शेवटी महिन्याचा किराणा. ट्रॉलीत बसवलेल्या त्या पोराच्या डोळ्यांसमोरून बिस्किटे जातात, वेफर्स जातात, चॉकलेटे जातात. तिसऱ्या रांगेत रडे सुरू होते. आई इकडेतिकडे बघते, बिस्किटाचा पुडा फोडते आणि एक बिस्कीट त्याच्या हातात देते. शेवटी फोडलेला पुडा काउंटरवर येतो, तिथली मुलगी तो स्कॅन करते, पैसे भरले जातात. यात कुणाचे काय बिघडले?

या प्रश्नावर घराघरांत दोन तट पडतात. ‘पैसे भरणारच आहोत ना, मग पोराला रडवायचे कशाला?’ असे एकाचे म्हणणे. ‘पैसे दिल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही’ हे दुसऱ्याचे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ एवढे सांगून हा विषय संपत नाही. दुकानात नेमके काय घडते, कायदा काय म्हणतो आणि मुलाच्या मनात काय उतरते, हे तिन्ही पाहूनच घरचा नियम ठरवावा.

मुळात ही अडचण फार जुनी नाही. वाण्याच्या दुकानात माल फळीच्या पलीकडे असे. पोराने बोट दाखवायचे, वाण्याने बरणी उघडायची. मूल फारच कुरकुरले तर वाणीच त्याच्या हातावर गुळाचा खडा किंवा चार फुटाणे ठेवी. गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, ही पद्धत १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ या दुकानात रूढ केली. सामानाची ढकलगाडी आणली ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने, १९३७ मध्ये. महाराष्ट्रात अपना बाजार आणि वारणा बाजार यांसारख्या सहकारी भांडारांनी मोठ्या दुकानाची सवय लावली. २००२ मध्ये पवईत डी-मार्टचे पहिले दुकान उघडले आणि पुढच्या वीस वर्षांत ट्रॉली ढकलत किराणा भरणे जिल्ह्याच्या गावांतही नेहमीचे झाले. मधली फळी गेली, फळीमागचा माणूसही गेला. दोन फुटांवरच्या खणात, बरोबर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खाऊ आला.

रत्नागिरीत तर पैसे देण्याआधी खाण्याची रीत चांगली जुनी आहे, आणि ती सुंदर आहे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या स्टॉलवर विक्रेता हापूस कापतो आणि फोड पुढे करतो. आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कोकम विकणाऱ्या दुकानांत काउंटरवर चवीपुरते तुकडे ठेवलेले असतात. कुणी गिऱ्हाईक चव घेऊन न घेताच निघून गेले तरी त्याला चोर म्हणत नाहीत. कारण तिथे देणारा हात दुकानदाराचा असतो. ‘घे गो बाय, खाऊन बघ’ असे तो आपण होऊन म्हणतो. मोठ्या दुकानातल्या खणातून पुडा उचलून फोडताना असे कुणीच म्हटलेले नसते. सगळा फरक इथे आहे, आणि चार वर्षांच्या मुलालाही तो नीट समजावता येतो: ‘काकांनी दिलं तर खायचं. आपण उचललं तर आधी बिल.’

कायद्यातही हीच रेघ आहे. आपल्या विधी महाविद्यालयांत करार कायदा शिकवताना बूट्स केमिस्ट या इंग्लंडमधल्या दुकानाचा १९५३ चा निकाल हमखास येतो. मांडणीवर ठेवलेली वस्तू म्हणजे दुकानदाराने दिलेला शब्द नव्हे. गिऱ्हाईक ती काउंटरवर नेते तेव्हा ‘मला ही घ्यायची आहे’ असा प्रस्ताव मांडते आणि तिथला माणूस तो स्वीकारतो, तेव्हा विक्री होते. म्हणजे ट्रॉलीत पडलेला पुडा अजून दुकानाचाच असतो. तो फोडला तर दुसऱ्याची वस्तू फोडली.

म्हणून ती लगेच चोरी ठरते का? नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ चोरीचे आहे, आणि त्यात अप्रामाणिक हेतू हा गाभा आहे. पुडा उघडपणे फोडून, तो काउंटरवर ठेवून पूर्ण किंमत भरणाऱ्या आईकडे असा हेतू नसतो. कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा धरले जात नाही. तेव्हा ट्रॉलीतल्या बाळाने चॉकलेट चावले म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. पण हेतू मनात असतो आणि कॅमेऱ्याला तो दिसत नाही. कॅमेऱ्यात दिसते ते एवढेच, की पुडा फुटला आणि खाल्ला गेला. त्यानंतर पैसे भरायचे राहून गेले, तर समजावण्याची सगळी जबाबदारी आईबापांवर येते.

असे राहून जाते, आणि ते किती महाग पडू शकते हे होनोलुलूमध्ये दिसले. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या सेफवे या दुकानात एक गरोदर बाई नवऱ्यासोबत आणि लहान मुलीसोबत सामान घेत होती. भूक लागली म्हणून तिने दुकानातच सँडविच घेऊन खाल्ले. वेष्टने जपून ठेवली होती, काउंटरवर द्यायची म्हणून. सुमारे पन्नास डॉलरच्या सामानाचे बिल भरले, आणि पाच डॉलरच्या त्या दोन सँडविचची वेष्टने द्यायची विसरली. दारात अडवल्यावर पैसे देऊ केले, पण पोलीस आले. नवरा-बायकोला अटक झाली आणि मुलीला सरकारी बालसंरक्षण खात्याने ताब्यात घेतले. सुमारे अठरा तास ती आईबापांपासून दूर राहिली. गाजावाजा झाल्यावर दुकानाने आरोप पुढे नेले नाहीत. रत्नागिरीत एवढे टोक गाठले जाण्याची शक्यता फार थोडी, कारण इथे मॅनेजर बहुधा पैसे घेऊन विषय मिटवतो. विसरणे मात्र सगळीकडे सारखेच. रडणारे पोर, फोनवर आलेला ओटीपी, मागे लागलेली रांग, सुटायला आलेली एसटी. या गडबडीत ट्रॉलीच्या तळाशी गेलेले रिकामे पाकीट आठवणीत राहील, याची खात्री कुणीच देऊ नये.

वस्तूवस्तूंतही फरक आहे, आणि अनेक पालकांच्या तो ध्यानात येत नाही. बारकोड असलेला बंद पुडा खाल्ला तरी रिकामे पाकीट स्कॅन होते, दुकानाला पूर्ण पैसे मिळतात. डझनावर विकल्या जाणाऱ्या केळ्यांतले एक खाल्ले तर साल दाखवून डझनाचा हिशेब करता येतो. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाचे तसे नाही. तासगाव-नाशिकची द्राक्षे, सुटे खारे दाणे, खजूर, सफरचंद हे काट्यावर जाण्याआधी जेवढे पोटात गेले तेवढे गेले. ते मोजायला काही उरत नाही, आणि ‘भरणार आहोत ना पैसे’ हे वाक्य इथे खरे राहत नाही. बंद पुडा फोडताना निदान पैसे भरता येतात. द्राक्षाच्या घोसातले एक एक तोडून मुलाच्या तोंडात घालताना तेही होत नाही. तरीही पुडा फोडायला कचरणारे पालक द्राक्षे मात्र सहज देतात, कारण तो ‘एकच तर दाणा’ वाटतो. वजनाच्या मालाला अपवाद करूच नये. द्राक्ष गोड आहे का हे पाहायचे असेल तर तिथल्या माणसाला विचारावे. तो बहुतेक वेळा स्वतःच दोन मणी तोडून देतो.

द्राक्षांबाबत आणखी एक कारण आहे, आणि ते पैशांहून मोठे आहे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकणाऱ्या पदार्थांत अख्खी द्राक्षे, शेंगदाणे, चणे आणि कडक गोळ्या पुढे असतात. लहान मुलाला द्राक्ष उभे कापून द्यावे, शेंगदाणा-चणा अख्खा देऊ नये, आणि खाताना मूल एका जागी बसलेले असावे, असे बालरोगतज्ज्ञ नेहमी सांगतात. हलत्या ट्रॉलीत मान वळवून इकडेतिकडे बघत, मध्येच रडत-हसत द्राक्ष चावणारे मूल यातले काहीच पाळत नाही, आणि आईचे लक्ष तूरडाळीच्या भावाकडे असते. त्यात फळ न धुतलेले. बागेतल्या फवारणीपासून शेकडो हातांपर्यंत सगळे त्यावर असते.

बंद पुड्याचेही असेच. घाईत फोडलेल्या पुड्यावरची तारीख कुणी पाहत नाही. घटकांची यादी, त्यात दाणे-दूध-गहू यांची सूचना, वजन, छापील किंमत हे सगळे फोडण्याआधी वाचायचे असते. मुलाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर ते वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. माल खराब निघाला तर तक्रारीचा पाया बिल असते. अर्धवट खाल्लेला पुडा आणि बिल नाही, अशा गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकणारा मॅनेजर विरळा. बिल हातात असेल तर दुकानाशी बोलता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

या सगळ्यात एक माणूस कायम नजरेआड राहतो. दुकानातल्या खणांची मांडणी करणारी, दिवसभर उभी राहणारी मुलगी. फोडून अर्धवट टाकलेला वेफर्सचा पुडा, साबणांच्या मागे खुपसलेले चॉकलेटचे वेष्टन, लोणच्याच्या बाटल्यांमध्ये सोडलेली ज्यूसची पेटी तिला सापडते. हिशेबात तूट आली की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो. शेंगा खाल्ल्या नाहीत, तर टरफले का उचलायची, हा लोकमान्यांच्या शाळेतला प्रसंग मराठी मुलांना पहिल्या पुस्तकांपासून ऐकवला जातो. लोकमान्यांचा जन्म याच शहरातला, २३ जुलै १८५६ चा. त्यांच्या गावच्या दुकानात रोज दुसऱ्यांची टरफले उचलणाऱ्या या मुलीची आठवण मुलांना करून दिली, तर ती गोष्ट त्यांना अधिक कळेल. शेंगा कुणी खाल्ल्या हे महत्त्वाचे आहेच, आणि उचलावे कुणाला लागते हेही.

आता मुलाच्या मनाचे. दोन वर्षांच्या बाळाला विकत घेणे ठाऊक नसते. त्याच्या लेखी घरातला डबा आणि दुकानातला खण सारखाच. तीन-चार वर्षांच्या सुमारास ‘माझे-तुझे’ पक्के होऊ लागते, पण पैसे देण्याचा क्षण त्याला दिसला तरच कळतो. आणि तो हल्ली दिसेनासा झाला आहे. पूर्वी नोट दिली जायची, सुटे परत यायचे, मूल ते बघायचे. आता फोन पुढे धरला की झाले. अशा मुलासमोर पुडा आधी फुटला आणि ‘पैसे’ नावाचे काहीतरी अर्ध्या तासाने, त्याला न दिसता झाले, तर त्याने काय शिकावे? उचलले की आपले, एवढेच.

थांबायला शिकवणे अवघड आहे हे कुणीही आई सांगेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी केलेला मार्शमॅलोचा प्रयोग प्रसिद्ध आहे: एक मिठाई आत्ता, की थोडे थांबून दोन? त्यातून ‘थांबणारे मूल पुढे यशस्वी होते’ असा अर्थ बरीच वर्षे काढला गेला. २०१८ मध्ये अधिक मोठ्या गटावर पुन्हा पाहिले, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. पालकांच्या उपयोगाचा प्रयोग दुसरा आहे. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची २८ मुले घेतली. अर्ध्यांना मोठ्या माणसाने ‘थांब, चांगले रंग आणतो’ म्हणून खरोखर आणून दिले. उरलेल्यांना तेच सांगून तो ‘नाहीत रे’ म्हणत रिकाम्या हाताने परत आला. त्यानंतर सगळ्यांपुढे मिठाई ठेवली. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली जेमतेम तीन मिनिटे.

गुरुकिल्ली यात आहे. ‘बिल झालं की देते’ असे म्हणून घरी पोहोचेपर्यंत पुडा पिशवीच्या तळाशी ठेवणारी आई पुढच्या वेळी कितीही म्हणाली तरी मूल थांबणार नाही. ‘बिल झालं की’ म्हणजे बिल झाल्याक्षणी, दाराबाहेर पाऊल पडताच. पिशव्या खाली ठेवाव्या लागल्या तरी आधी पुडा काढून द्यावा. चार-पाच वेळा हे तंतोतंत घडले की रडे आपोआप कमी होते, कारण मुलाला त्या शब्दाची किंमत कळलेली असते. आणि देणार नसाल तर ‘नंतर देते’ म्हणूच नका. ‘आज चॉकलेट घ्यायचं नाही’ हे एकदाच, शांतपणे सांगितलेले रडवते, पण फसवत नाही.

तयारी मात्र घरातून निघतानाच करावी लागते. भुकेल्या मुलाला संयम शिकवणे हा अन्याय आहे. बाजाराला येताना डब्यात पोळीचा लाडू, घावनाचे तुकडे, एखादे केळे, पाण्याची बाटली असावी, आणि दुकानात शिरण्याआधी दाराबाहेर कट्ट्यावर बसवून पोट भरून घ्यावे. लांबून येणाऱ्यांनी किराणा सगळ्यात शेवटी न ठेवता जेवणानंतर लगेच उरकावा. जड पिशव्यांची अडचण असेल तर बरेच दुकानदार भरलेली पिशवी नाव लिहून तासभर ठेवू देतात, विचारायला संकोच करू नये. बाळाचा डबा आत नेता येतो का हे दारावरच्या माणसाला विचारावे. बिस्किटाचा घरून आणलेला पुडा असेल तर तो आत जातानाच दाखवून ठेवावा, म्हणजे बाहेर पडताना वाद होत नाही.

आत गेल्यावर मुलाला काम द्या. नुसते बसवून ठेवलेले मूल खाऊच मागणार. तीन वर्षांचे पोर ‘लाल साबण शोध’ म्हटले की रमते. वाचता येणाऱ्याला यादी द्यावी, तारीख आणि किंमत मोठ्याने वाचायला लावावी. हिरवा ठिपका कुठे आहे ते शोधू द्यावे. खाऊची एकच वस्तू, आणि ती त्याने निवडायची, हा नियम दारातच ठरवावा. निवडलेला पुडा त्याच्याच हातात राहू द्यावा, न फोडता. काउंटरवर तो त्यानेच ठेवावा, ‘टिक’ असा आवाज ऐकावा, आणि परत घ्यावा. हा आवाज मुलांना फार आवडतो. आणि न दिसणारा पैशाचा क्षण त्यामुळे कानांना ऐकू येतो.

तरीही एखादे दिवशी मूल थांबणारच नाही. मग सोपा मार्ग आहे, पण तो फारसा कुणाला सुचत नाही. ट्रॉली बाजूला लावावी, तेवढा एकच पुडा घेऊन काउंटरवर जावे आणि त्याचे वेगळे बिल करावे. रांग असेल तर पुढच्या माणसाला ‘एकच वस्तू आहे, पोर भुकेलंय’ असे सांगितले की रत्नागिरीत सहसा कुणी नाही म्हणत नाही. बिल पुड्याला गुंडाळून ठेवावे, मुलाला बाकावर किंवा दाराशी बसवून खायला द्यावे, आणि मग उरलेली खरेदी करावी. पाच मिनिटे जातात. अर्ध्या तासाचे रडे वाचते.

खरी कसोटी अनेकदा मूल नसते, आजी असते. ‘अगो, पोर ते, खाऊ दे की. पळून का चाललोत आपण?’ असे म्हणून आजीच पुडा फोडते. तिथे सगळ्यांदेखत तिला नियम ऐकवू नये. घरून निघतानाच सांगावे: ‘आजी, खाऊ तुम्हीच द्यायचा त्याला, पण काउंटरवरून बाहेर आल्यावर.’ देण्याचा आनंद आजीकडेच राहिला की तिलाही थांबणे जड जात नाही.

आणि तुम्ही पाठ वळवली असताना मुलाने पुडा फोडलाच तर? मारू नये, ओरडू नये, आणि पुडा परत खणात तर मुळीच ठेवू नये. तो आता आपला झाला. जवळच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगावे: ‘याने हा फोडला, आम्ही घेतोय.’ हे वाक्य मुलाला ऐकू जाईल असे म्हणावे. रिकामे किंवा अर्धे पाकीट ट्रॉलीच्या तळाशी जाऊ न देता पर्समध्ये पैशांजवळ ठेवावे आणि काउंटरवर सगळ्यात आधी पुढे करावे, शेवटी नव्हे. सुटा माल खाल्ला असेल तर मॅनेजरला अंदाजाने सांगून पैसे द्यावेत. तो बहुधा घेणार नाही, पण सांगणे आपले काम.

घरी आल्यावर खिशातून चॉकलेट निघाले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन परत जावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने ते स्वतःच्या हाताने काउंटरवर ठेवावे आणि ‘याचे पैसे द्यायचे राहिले’ एवढे म्हणावे. मॅनेजरला आधी बाजूला घेऊन विनंती करावी, की मोठे व्याख्यान देऊ नका, पैसे घ्या आणि पावती द्या. मुलाचे नाव, फोटो किंवा कॅमेऱ्यातले दृश्य कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणारे दुकानदार आणि शेजारी मोठी चूक करतात. छोट्या गावात असा शिक्का वर्षानुवर्षे पुसत नाही, आणि पाच रुपयांच्या चॉकलेटासाठी कुठल्याही मुलावर तो बसू नये.

एक सवय तर आजच सोडावी: ‘गप बस, नाहीतर वॉचमन काका पकडतील’, ‘पोलीस नेतील’. गणपतीच्या आधीच्या गर्दीत, चाकरमानी आलेले असताना, मूल दुकानात हरवले तर त्याने धाव घ्यायची ती याच वॉचमन काकांकडे, याच पोलिसांकडे. त्यांचीच भीती घातलेले मूल त्यांना बघून लपून बसते. वॉचमन काकांची ओळख करून द्यावी, जाताना त्यांना हात करायला सांगावे.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तिथे क्षणाचाही विचार करू नये. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची साखर उतरली, हात थरथरू लागले, घाम फुटला, ते गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर जवळचा रस किंवा साखर तिथल्या तिथे द्यावी. शुद्धीत आणि गिळू शकणाऱ्या मुलाला साधारण पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, असा डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला असतो. लहान मुलाचे नेमके प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. बिल नंतर. अशा मुलाच्या पालकांनी ग्लुकोज खिशात ठेवावेच, पण ते नसेल तर खणातली बाटली फोडायला परवानगीची वाट बघू नये.

मुलांना आवरण्याचे सगळे ओझे आईबापांवर टाकून दुकानदारांना मोकळे होता येणार नाही. बिलाच्या रांगेशेजारी, जिथे मूल दहा मिनिटे अडकून उभे असते, तिथेच चॉकलेट आणि गोळ्या रचलेल्या असतात. ती जागा विचार करून निवडलेली असते. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या आणि मध्यम दुकानांना बिलाच्या काउंटरजवळ, दाराशी आणि खणांच्या टोकांना जास्त साखर-मीठ-चरबीचे ठरावीक पदार्थ मांडायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, पण एखाद्या दुकानाने स्वतःहून एक काउंटर चॉकलेटविना ठेवला तर लेकुरवाळ्या आया त्याच रांगेत उभ्या राहतील.

टेस्को या ब्रिटिश साखळीने २०१६ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. आठशेहून अधिक दुकानांत दाराशी फळांची टोपली ठेवली, आणि मोठ्यांबरोबर आलेल्या मुलांनी त्यातले एक फळ फुकट घ्यावे असे जाहीर केले.  दुकानदाराचा तोटा किरकोळ, मुलाचे तोंड खरेदीभर गुंतलेले, फळाची सवय लागते, आणि देणारा हात पुन्हा दुकानदाराचा होतो, जसा तो वाण्याच्या फळीमागे होता.

रत्नागिरीच्या दुकानदारांना हे परवडण्यासारखे आहे. शेजारच्या बाजारातून आणलेली केळी दाराजवळ ठेवायची, वर पाटी लावायची: ‘लहान मुलांसाठी. एक घ्या, बसून खा.’ शेजारी एक बाक आणि सालींसाठी डबा. येत्या गणपतीच्या गर्दीआधी निदान एका दुकानाने हे करून पाहावे. आणि पालकांनी, अशी टोपली दिसली तर, मुलाला केळे उचलण्याआधी काकांना विचारायला सांगावे.